तीनशे दोनमधले मंत्री

टोकियोत, फुनाबोरीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तीनशे दोन नंबरात एक माजी मंत्री राहायचे. आपल्याकडचे नव्हेत, डच. हे पुण्यात सांगितलं की लोक आधी विचारतात, "मग बंदोबस्त असेल ना गं मोठा?" कसला बंदोबस्त! कचऱ्याच्या दिवशी कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून वर हिरवी जाळी टाकावी लागते, आणि त्या कामाची घराघराला पाळी असते. आपल्या पाळीच्या आठवड्यात हा सहा फूट चार इंचांचा माणूस सकाळी सातला सूट-टाय चढवून खाली हजर असायचा. बरं, जाळी टाकून निघून जावं ना? नाही. कचऱ्याची गाडी येईपर्यंत तिथेच उभे. का, तर म्हणे जबाबदारी घेतली की हजेरी आलीच.

मी तीनशे तीनमध्ये, मधे एक भिंत. नवऱ्याच्या कंपनीने दोन वर्षांच्या प्रोजेक्टसाठी म्हणून आम्हाला पुण्याहून टोकियोत आणलं आणि त्या दोनाची नऊ झाली. त्या नऊ वर्षांत मंत्र्यांची कारकीर्द मला लिफ्टमध्ये आणि कचऱ्याच्या पेटीपाशी तुकड्यातुकड्यांनी समजली. आधी मासेमारीचे उपमंत्री, मग पाणी आणि वाहतूक खात्याचे मंत्री, मग युरोपच्या संसदेत, आणि शेवटी ब्रसेल्सला युरोपियन कमिशनर. "कमिशनर म्हणजे पोलिसातला का?" माझ्या सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं. मी ते मंत्र्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "नाही. पोलिसाकडे निदान शिट्टी असते."

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, ते मी इथे माझ्या मराठीत सांगते आहे. त्यांचं जपानी व्याकरणाला चोख होतं, पण आवाज संसदेतला. कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, जाऊन एक अंडं मागितलं तरी अविश्वासाचा ठराव मांडल्यासारखं वाटायचं. बिल्डिंगमधली आपली मुलं त्यांना दाइजिन-सान म्हणायची, म्हणजे मंत्रीबुवा. आम्ही मोठी माणसं त्यांच्या पाठीमागे मंत्री म्हणायचो आणि तोंडावर सर.

"मासेमारी खात्यात काय केलंत तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"कोळ्यांना सांगितलं, मासे कमी धरा. माशांना सांगायचं होतं की जास्त व्हा, पण ते माझ्या अखत्यारीत नव्हते."

"आणि ब्रसेल्सला?"

"सत्तावीस देशांना एक वाक्य मान्य करायला लावलं. चार वर्षं लागली. वाक्यात क्रियापद नव्हतं, कारण क्रियापदाला दोन देशांचा विरोध होता."

त्यांचा पक्ष उदारमतवादी. म्हणजे काय, हे मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "आम्ही प्रत्येकाला स्वातंत्र्य देतो, आणि मग त्याने ते एकदम वापरू नये म्हणून समिती नेमतो." त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. निर्णयावर निम्मे लोक नाराज असले तर निर्णय बरोबर, आणि सगळेच नाराज असले तर तो युरोपियन.

इथे फुनाबोरीत कसे येऊन पडले, तर बायकोमुळे. ती जपानी, दुभाषी होती. जपानबरोबरच्या वाटाघाटींत यांच्या मागे बसून यांचं बोलणं जपानीत सांगायची. "मी वीस मिनिटं बोलायचो, ती चार मिनिटांत सांगायची," ते म्हणाले. "करार झाले ते त्या चार मिनिटांमुळे. मग मी विचार केला, हिला सोडून चालायचं नाही." तीनशे दोन हे तिच्या आईवडिलांचं घर. निवृत्त झाल्यावर दोघं तिथे आले आणि तिसऱ्या वर्षी ती गेली. हॉलंडला परत का जात नाही, असं आमच्यापैकी कुणी ना कुणी त्यांना दर दिवाळीला विचारायचं. ते म्हणायचे, "इथे कचऱ्याचे नियम फार सुंदर आहेत." आणि खरंच त्यांचा त्या नियमांवर जीव होता. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली वेगळी. लेबल सोलताना ते सांगायचे की आयुष्यात पाहिलेला हा एकमेव कायदा, जो लोक वाचतात.

पाहुणचाराच्या बाबतीत मात्र हात आखडता. कॉफी द्यायचे, बिस्किटाचा डबा उघडायचे, एक बिस्किट पुढे करायचे आणि डबा बंद. झाकणाचा आवाज असा की दुसरं मागायची छाती होऊ नये. माझ्या नवऱ्याला, तो नागपूरचा, याचा फार राग यायचा. मी पुण्याची, मला त्यात काही खटकण्यासारखं दिसलंच नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझी मुलगी आठ वर्षांची होती तेव्हा सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "पोरगी बोलते गोड गं, पण मला काय कळतंय?" पोरगी त्यांच्याशी जपानीत बोलत होती. त्या मान डोलवत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मला इतकं लागलं ते! दुसऱ्याच आठवड्यात मी बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या सभागृहात शनिवारी दुपारी दोन ते चार मराठीचा वर्ग सुरू केला. पाच मुलं होती, ती अकरा झाली. घरं आमची एवढीएवढीशी, तिथे अकरा मुलं बसवायची कुठे? वॉर्डाच्या सभागृहासाठी चिठ्ठ्या टाकतात आणि माझी चिठ्ठी कधी लागायची नाही. तेव्हा ती तळमजल्यावरची खोली होती म्हणून वर्ग होता. खोली गेली की वर्ग गेला, इतका साधा हिशेब.

आणि मुलं काय तोंड शिवून शिकतात? आम्ही बडबडगीतं म्हणायचो, पाढे म्हणायचो, 'ळ' म्हणायला शिकायचो. अकरा जपानी वळणाच्या जिभा एका वेळी 'ळ'वर तुटून पडल्या की तळमजला दणाणायचा, हे मी कबूल करते.

पुढच्या एप्रिलमध्ये बिल्डिंगच्या रहिवासी संघाचं अध्यक्षपद मंत्र्यांकडे आलं. निवडून वगैरे नव्हे, पाळीने. एकोणचाळीस घरं, दर वर्षी पुढचं घर. जपानी लोक ही पाळी दाताच्या डॉक्टरकडे जावं तशी उरकतात. मंत्र्यांच्या मात्र अंगात वारं भरल्यासारखं झालं. जूनमध्ये सूचनापेटीत एक चिठ्ठी निघाली, निनावी. 'शनिवारी दुपारी सभागृहातून येणाऱ्या आवाजाबद्दल विचार व्हावा.' एवढंच. तिला फाटे फुटले. कुणी म्हणालं, सभागृहात शिकवण्या चालाव्यात का? कुणी म्हणालं, नियमच करून टाकू, शिकवण्या बंद. नाव कुणीच घेत नव्हतं, पण शिकवणी बिल्डिंगमध्ये एकच होती.

मी निर्धास्त होते. अध्यक्ष शेजारचे, माझ्या हातची थालीपिठं खाल्लेले, वर उदारमतवादी! मी म्हटलं, हा माणूस दोन मिनिटांत निकाल लावेल.

दोन मिनिटं कसली? त्यांच्या देशात म्हणे निवडणुकीनंतर सरकार बनवायला महिनेच्या महिने लागतात. आधी एक वडीलधारा माणूस नेमतात, तो प्रत्येक पक्षाला एकेकटं भेटतो आणि कोण काय म्हणालं ते पोटात ठेवतो. मंत्र्यांनी ते काम स्वतः दोनदा केलं होतं. तीच पद्धत त्यांनी आमच्या बिल्डिंगला लावली. एकोणचाळीस घरं, प्रत्येकाला पाऊण तास, हातात वही, पायात घरातल्या सपाता. स्वतःच्या घराचीसुद्धा भेट घेतली म्हणे, आरशासमोर बसून. हे त्यांनीच मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "वर्ग सकाळी घेता येईल का? दहाला?"

"का?"

"मी फक्त विचारतोय."

"कुणी तक्रार केली आहे? कारण काय? ते सांगा, मग बघू."

"ते मला सांगता येत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी मुलांचं पोहणं असतं, सोरोबान म्हणजे मण्यांच्या पाटीवरचं गणित असतं, नवरे शनिवारी अकराशिवाय उठत नाहीत. आणि खरं सांगायचं तर तो मुद्दाच नव्हता. कारण न देता कुणी आपल्याला सरकवायला लागलं की परदेशात मनात एकच कारण येतं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "आम्ही परके म्हणून हे चाललंय. मी दोनच वाजता घेणार. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही." त्यांनी वहीत ते लिहून घेतलं, मी वाचून पाहिलं. 'तीनशे तीन : एक मिनिट नाही.' त्यानंतर सकाळच्या वेळेबद्दल त्यांचं तीनदा आडून आडून विचारून झालं, पण कारणाच्या बाबतीत गडी ताकास तूर लागू देईना.

शरद ऋतूत त्यांनी प्रस्ताव आणला. नऊ पानी, वर दोन परिशिष्टं. एका रविवारी सकाळी दहा ते बारा सभा ठेवली. मी नवऱ्याला घेऊन पुढच्या रांगेत बसले. प्रस्तावाचं नाव होतं 'मर्यादित ध्वनीचा भाषावर्ग'. वर्ग दोन वाजताच राहील. सभागृहही राहील. मुलं लिहितील, वाचतील, पण मनात. गाणं नाही. सामूहिक उच्चार नाही. आवश्यक तिथे शिक्षिकेने कुजबुजावं. कुजबुज म्हणजे काय, ते पहिल्या परिशिष्टात होतं.

"यात वर्ग टिकतो आणि शांतताही टिकते," मंत्री म्हणाले. सभेत तीस माणसं होती. सगळी शांतपणे पानं उलटत होती. जपानी माणूस सभेत गप्प बसला म्हणजे त्याला पटलंय असं नव्हे, आणि पटलेलं नाही असंही नव्हे. मंत्री एकेकाला विचारत होते आणि एकेक जण "हंऽऽ" म्हणून तोंडातून हवा आत ओढत होता. पावणेबारा झाले, बाराला पाच कमी झाले. सभागृह बारापर्यंतच आपलं होतं. त्यानंतर ते 'गो' खेळणाऱ्या आजोबांना दिलेलं होतं आणि आजोबा पट काखोटीला मारून दाराशी उभेही होते.

तेव्हा मंत्री उठले, खुर्चीवर चढले, भिंतीवरचं घड्याळ काढलं, पालथं केलं आणि त्यातला सेल बाहेर काढला.

"युरोपात," ते तिथूनच, छताला डोकं टेकवत म्हणाले, "निर्णय ठरलेल्या मुदतीत झालाच पाहिजे आणि होत नसेल, तर आम्ही घड्याळ थांबवतो. निर्णय होईपर्यंत मुदत संपत नाही. मी स्वतः एकदा एका मंगळवारात अडीच दिवस बसलो आहे."

तीसच्या तीस माणसांनी हळूच मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दाराशी आजोबा कोनाड्यातली मूर्ती हलावी तसे एक पाऊल पुढे आले आणि पुन्हा मागे गेले. या देशात माणूस एक वेळ कर बुडवेल, पण दुसऱ्याच्या वेळेतलं मिनिट खाणार नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्या चिटणीस बाईंच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं, पुढे सरकत नव्हतं. हे कसं लिहायचं हेच त्यांना कळेना.

आणि तेवढ्यात माझा तोल गेला. मी उभी राहिले. निम्मं जपानीत, निम्मं मराठीत, जे तोंडाला आलं ते बोलले. "भाषा काय मनातल्या मनात शिकवायची? पोहायला काय कोरड्या विहिरीत शिकवतात? त्यापेक्षा सरळ बंद करा म्हणा ना! नऊ पानं कशाला खरडलीत?" नवरा माझी ओढणी ओढत होता. मराठी कुणाला समजलं नसेल, पण स्वर समजला.

मंत्री खुर्चीवरून उतरले. घड्याळात सेल घातला, मनगटावरचं पाहून काटे लावले. बाराला एक मिनिट कमी होतं.

"बाई म्हणतात ते बरोबर आहे," ते जपानीत म्हणाले. "प्रस्ताव चुकीचा आहे, मी मागे घेतो. आणि तो लिहिणाऱ्या अध्यक्षालाही मागे घेतो. मी राजीनामा देत आहे."

पाळीच्या पदाचा राजीनामा! जणू कुणी म्हणावं, मी मंगळवारचा राजीनामा देतो. चिटणीस बाईंनी नियमांची वही चाळली, त्यात असं काही नव्हतंच. शेवटी कुणीतरी म्हणालं, पाळी आहे, तेव्हा पुढचं घर. तीनशे दोनच्या पुढचं घर कुठलं, ते सगळ्यांना एकदम आठवलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

लिफ्टपाशी मी त्यांना गाठलं. "छान केलंत हो," मी म्हटलं. "वर्ग बुडवलात आणि वर धोंडा माझ्या गळ्यात बांधलात. पळपुटे आहात तुम्ही." त्यांनी मान खाली घातली आणि जिन्याने गेले. त्या क्षणी मला ते फार बरं वाटलं होतं. आता लिहिताना लाज वाटते.

दुपारी चिटणीस बाई शिक्के, किल्ल्या आणि एक बंद पाकीट घेऊन आल्या. पाकीट फक्त अध्यक्षांनी उघडायचं असतं. मोठा भूकंप झाला तर कुणाला उचलून बाहेर आणावं लागेल, त्या घरांची यादी त्यात असते. ती दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही, तिच्याविषयी बोलायचंही नाही, अशी अध्यक्षाने सही करून हमी द्यायची. मी सही केली, बाई गेल्या, पाकीट उघडलं. चार नावं होती. तिसरं नाव तळमजल्यावरचं, सभागृहाला लागून असलेल्या घरातलं. तिथे इशिदा-सान राहायचे, वाकून नमस्कार करण्यापलीकडे कधी न बोललेले गृहस्थ. नाव त्यांच्या बायकोचं होतं. डायलिसिस, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी नऊ ते एक. परत आल्यावर संध्याकाळपर्यंत झोप लागते, उठवू नये. चालता येत नाही. शेवटी ठळक अक्षरांत : शेजाऱ्यांना कळवू नये.

का कळवू नये, हे इतकी वर्षं इथे काढल्यावर मला सांगावं लागलं नाही. कळलं की सगळी बिल्डिंग पाय न वाजवता चालणार. टरबुजं येणार, द्राक्षं येणार, प्रत्येक फळाची परतफेड करावी लागणार. नवऱ्याने बायकोचं आजारपण सांभाळायचं की लोकांचा चांगुलपणा? म्हणून बिचाऱ्यांनी सात शब्दांची चिठ्ठी टाकली होती. आणि मी दर शनिवारी दुपारी त्या बाईंच्या उशाशी अकरा मुलांकडून 'ळ' घोकून घेत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटी रडले. वर्ग जाणार म्हणून नव्हे. एक मिनिट नाही, असं म्हटलं होतं ना मी, ते आठवून.

मग तीनशे दोनचं दार वाजवलं.

"मी पाकीट उघडलं," मी म्हटलं.

"कुठलं पाकीट?"

"अध्यक्षांचं."

"मी अध्यक्ष नाही," ते म्हणाले. "तुम्ही कशाबद्दल बोलताय ते मला माहीत असायचं काही कारण नाही." आणि शुभ दुपार म्हणून दार लावून घेतलं. एकोणचाळीस घरांचा क्रम ज्या माणसाला पाठ, त्याला आपल्यानंतर पाळी कुणाची हे ठाऊक नसेल? मला सांगायची त्यांना सोय नव्हती. म्हणून मला ते कळेल अशा जागेवर आणून बसवलं, असं मी आजही समजते. पण शपथेवर सांगता येणार नाही.

मी नोटीस लावली. 'शिक्षिकेच्या वैयक्तिक सोयीसाठी मराठीचा वर्ग यापुढे शनिवारी सकाळी दहा ते बारा.' झालं, वाद मिटला. शिकवण्या बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. आपल्या लोकांनी मात्र मला सोलून काढलं. "काल दोन म्हणजे दोन म्हणत होतीस, खुर्ची मिळाल्यावर लगेच सोय बघायला लागलीस?" असं माझी जवळची मैत्रीण म्हणाली. दोन मुलं पोहण्यासाठी वर्ग सोडून गेली. मी मूग गिळून बसले. राजकारण म्हणजे काय, ते मला त्या आठवड्यात समजलं. इशिदा-सान जिन्यात भेटले तेव्हा वाकले, नेहमीपेक्षा जरा खाली. मीही तेवढीच वाकले.

हे सगळं मी लिहिते आहे, कारण इशिदा-सानांच्या पत्नी आता नाहीत आणि ते स्वतः सेंदाईला मुलीकडे गेले आहेत. नाव मी बदललंय, आणि लिहू का म्हणून पत्राने विचारलंही आहे. उत्तर आलं, 'वर्ग अजून चालतो का?' ती परवानगी समजून चालले आहे.

डिसेंबरात सभेचं इतिवृत्त घरोघरी वाटलं गेलं. त्याच संध्याकाळी मंत्री कागद घेऊन माझ्या दारात, चेहरा लालबुंद. चिटणीस बाईंनी त्यांची लाज राखायला लिहिलं होतं, 'अध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडले.'

"माझी प्रकृती उत्तम आहे," ते ओरडले. "मी रोज बारा किलोमीटर सायकल चालवतो!"

"अहो, त्यांनी चांगल्या मनाने लिहिलंय."

"म्हणूनच ते दुरुस्त व्हायला हवं." मग बसले आणि जे आधी कधी बोलले नव्हते ते बोलले. मंत्री असताना त्यांनी एका छोट्या बेटाची फेरीबोट बंद केली होती, पूल होणार म्हणून. पूल झालाच नाही. बेटावरची शाळा गेली, दवाखाना गेला, मग माणसं गेली. त्यांच्या देशात कारकुनाची चूक झाली तरी मंत्र्याने जायचं असतं. इथे तर सही यांचीच होती. चार अविश्वासाचे ठराव आले, चारही यांनी परतवले. प्रत्येक वेळी म्हणाले, आधीच्या मंत्र्याची चूक. "पेपरवाले मला खडकावरचं कालव म्हणायचे, कशानेच न निघणारं. मग मला ब्रसेल्सला बढती मिळाली." पुढे म्हणाले, "आयुष्यात एकदा मी चूक माझी म्हणून खुर्ची सोडली. फुनाबोरीत. आणि तुम्ही लिहिता प्रकृती!"

मला हसू यायला हवं होतं. पण मला हसवेना. मी अध्यक्ष होते. वाटलेलं इतिवृत्त बदलायचं तर एकोणचाळीस घरांचे शिक्के लागतात, इथे सहीच्या जागी घराघराचा शिक्का असतो. मी मजकूर तयार केला : 'आपला प्रस्ताव चुकीचा होता, याची जबाबदारी घेऊन अध्यक्षांनी राजीनामा दिला.' आणि निघाले, घरोघर, पायात त्यांच्यासारख्याच सपाता घालून.

अकरा दिवस लागले. लोक म्हणायचे, "म्हाताऱ्या माणसाबद्दल असं कशाला लिहायचं?" मी म्हणायचे, त्यांचीच इच्छा आहे. मग हंऽऽ, मग चहा, मग शिक्का. मैत्रिणीने चार टोमणे मारून शिक्का दिला. तीनशे दोनने शिक्का इतका दाबून मारला की कागद फाटायचा राहिला. अडतीस झाले. शेवटी तळमजला उरला.

इशिदा-सानांनी कागद दोनदा वाचला. मग दोन्ही हातांनी मला परत दिला. "हे खरं नाही," ते हळूच म्हणाले. आत त्या झोपल्या होत्या. "ते चुकले नव्हते. तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. खोट्या कागदावर मी शिक्का मारू शकत नाही." आणि खूप खाली वाकले. "मी नाही म्हटलं, हे कृपया कुणाला सांगू नका."

मी तो कागद घरी ठेवला, कोणाचा चौकोन रिकामा आहे ते दिसू नये म्हणून, आणि रिकाम्या हाताने तीनशे दोनमध्ये गेले. मंत्री टाय लावून बसले होते.

"किती?"

"अडतीस."

त्यांनी चष्मा काढला. "कोण राहिलं?"

"ते मला सांगता येत नाही."

"कारण तरी?"

"तेही नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी रागाने, मग वेगळ्याच नजरेने. मग टायची गाठ सैल केली.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी राजीनामा कधी दिलाच नाही."

"नाही दिलात," मी म्हटलं. "तुमची प्रकृती बरी नव्हती."